जळकुकडं गाणं आणि सांगलीतला एक स्टुडिओ

निकाल आधी. गळा रेकॉर्ड करायला हा स्टुडिओ उत्तम. ढोलकीला बरा. मिक्सिंग करायचं तर शेजारी खुर्ची टाकून बसावं लागेल, आणि कागदावर सही करताना चष्मा लावावा लागेल. पाचात साडेतीन. नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि सांगली तशी लहान आहे. गाणंबजावणं करणारे ओळखतील.

एका गाण्याचं पॅकेज १५ हजारांचं. त्यात अरेंजमेंट, चार-चार तासांची दोन सेशन्स, मिक्स (सगळे आवाज मिसळून बसवणं), मास्टर (शेवटचा हात फिरवलेली तयार फाईल) आणि तीन दुरुस्त्या. ढोलकीवाल्याचं मानधन वेगळं, कोरसचं वेगळं, स्टेम्स (गळा, ताल, बाकी वाद्यं यांच्या वेगवेगळ्या फाईली) हव्या असतील तर वर दोन हजार. सुटा दर तासाला ६००. दर ठरवतानाच एक विचारून घ्या: त्यांची स्वतःची चूक दुरुस्त करणं हीसुद्धा 'दुरुस्ती' धरतात का? इथं धरतात. क्लिकचा (लय धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठोक्याचा) आवाज राहून गेला होता, तो काढला, तर तीनातली एक संपली. हे बरोबर नाही.

परीक्षेला लावलं होतं ते थट्टेचं गाणं. तिनं त्याला दुसरीबरोबर पाहिलंय आणि ती फुगलीय, एवढाच विषय. असल्या गाण्यावर स्टुडिओ पारखायला सोपा जातो. विरहगीतात रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) जास्त झाला तरी खपून जातो, भक्तिगीतात टाळ मोठे वाजले तरी कुणी उठून जात नाही. थट्टेच्या गाण्यात एक शब्द कानावर पडायचा राहिला की विनोद गेला, आणि विनोद गेला की उरतं ते नुसतं भांडण. म्हणून पुढचं सगळं मोजमाप एकाच फुटपट्टीनं केलंय: शब्द पोचला का?

मुखडा असा:

कोण रं ती, कोण रं ती, पुलावरची?
हातामधी पुडी हुती भडंगाची!

सांगलीत नुसतं 'पूल' म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो १९२९ चा आयर्विन. दोघांत भडंगाची एक पुडी म्हणजे मामला कुठवर गेलाय, हेही इथं फोड करून सांगावं लागत नाही. अंतऱ्यात ती फोन करते, तो उचलत नाही. 'निळी टिकली लागली तरी बोलंना' अशी व्हॉट्सॲपची खूण येते. शेवटाकडे तो बिचारा तोंड उघडतो ते एकाच वाक्यापुरतं: "अगं, मामाची पोरगी हाय ती!" चुलत बहीण म्हणाला असता तर सुटला असता. मामाची पोरगी म्हणजे आपल्याकडे हक्काचं स्थळ. त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला असतो. मग ती खालच्या आवाजात एकच शब्द विचारते, "मामाची...?" आणि ढोलकी पुन्हा सुरू होते. शास्त्रात आठ नायिकांमध्ये एक खंडिता आहे, दुसरीकडं रात्र काढून आलेल्या नायकावर चिडलेली. ही तिची धाकटी बहीण म्हणायची, हिच्याकडे पुरावा फक्त कुरमुऱ्यांचा.

आता मात्रा. पहिल्या ओळीचे तीन तुकडे, प्रत्येकी ७ मात्रांचे. कहरवा तालाच्या आठ मात्रांत, म्हणजे एका आवर्तनात, एक तुकडा बसतो आणि एक मात्रा श्वासाला उरते. असे तीन आवर्तनांत तीन तुकडे, चौथ्या आवर्तनात कोरसचं 'सांग की!'. दुसऱ्या ओळीत मधला तुकडा 'पुडी हुती' सहाच मात्रांचा आहे. अरेंजरनं लगेच सुचवलं की 'हुती'चं 'होती' करा, सात भरतील. गणित त्याचं बरोबर, सल्ला चुकीचा. एक तर 'होती' म्हटलं की पोरगी सांगलीची राहत नाही, कुठल्या तरी मालिकेतली होते. दुसरं, 'हुती'नंतर जी दोन मात्रांची पोकळी राहते तिच्यातच ऐकणारा थांबतो: पुडी होती, पण कशाची? आणि मग 'भडंगाची' पडतं. ती पोकळी भरली की हशा गेला. दोनदा गाऊन दाखवल्यावर अरेंजरनं मान्य केलं, हे त्याच्या बाजूनं लिहायलाच हवं. पुष्कळ जण मान्य करत नाहीत.

चाल लावताना दुसरी खबरदारी ऱ्हस्व-दीर्घाची. 'सवत' हा शब्द अंतऱ्यात आहे. त्यातल्या 'व'वर लांब सूर ठेवला की 'सवाऽत' ऐकू येतं आणि अर्थच उरत नाही. लांबवायचं असेल तर शेजारच्या शब्दाचं दीर्घ अक्षर लांबवा, ऱ्हस्वाला ओढू नका. डमी ट्रॅकमध्ये (आधी काढलेल्या कच्च्या गाण्यात) ही चूक होती. कीबोर्डवर आधी चाल वाजवून मग तिच्यात शब्द कोंबले की ती होतेच.

लय हा इथला पहिला खरा वाद. स्टुडिओच्या टेम्प्लेटमध्ये १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके, ठोक्याला दोन मात्रा) कायमचं बसलेलं आहे. फाईल उघडली की तेच येतं. १२० ला कहरव्याची एक मात्रा पाव सेकंदाची होते आणि 'पुलावरची'मधला 'व' गिळला जातो, 'पुलारची' ऐकू येतं. ९० ला आणलं तर गाणं खरोखरच रडायला लागतं. मत्सराची गंमत जाऊन मत्सर तेवढा राहतो. १०० ला बसलं. हिशेबालाही सोयीचं: एक ठोका ०.६ सेकंद, मात्रा ०.३, आवर्तन २.४ सेकंदांचं. सुरुवातीचं म्युझिक ४ आवर्तनं, मुखडा ८, अंतरा १२, मुखडा ८, मधला पीस ४, दुसरा अंतरा १२, थांबा २, मग मुखडा दोनदा ८-८, शेवट २. एकूण ६८ आवर्तनं, म्हणजे २ मिनिटं ४३ सेकंद. सुरुवातीचं म्युझिक आधी ८ आवर्तनांचं केलं होतं, म्हणजे गायिकेचा पहिला शब्द १९ सेकंदांनी. आजकाल तेवढं कोण थांबतंय? अर्धं कापायला सांगितलं, तर लगेच कापलं.

पट्टी काळी पाचवरून काळी चारला उतरवली. दोन अर्धस्वरांचाच फरक, पण थट्टेच्या गाण्यात मुखडा बोलल्यासारखा यावा लागतो आणि बोलणं मध्यसप्तकात असतं. वर चढवलं की गळा चमकतो, शब्द मात्र किंचाळल्यासारखे येतात. तार षड्ज एकदाच, शेवटच्या मुखड्यात.

या स्टुडिओची खरी कमाई म्हणजे त्यांचा गळा घेण्याचा हात. खोली लहान आहे, साधारण ८ बाय १० फूट. भिंतींवर नुसता स्पंज चिकटवलेला नाही, कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनेल उभे केलेत. स्पंज वरचे सूर तेवढे शोषतो, खालचा घुमारा तसाच ठेवतो; हा फरक कळणारी माणसं आहेत. माइक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. माइक नाकाच्या उंचीला आणि जरासा तिरका ठेवतात. कारण साधं आहे: मुखड्यात 'पुलावरची', 'पुडी' आणि 'भडंगाची' असे तीन ओठांचे स्फोट आहेत, त्यातला 'भ' तर महाप्राण. माइक समोर सरळ धरला की प्रत्येक 'भ'ला स्पीकरचा पडदा 'भप्प' करतो, आणि ते नंतर ८०-१०० हर्ट्झखालचं कापूनही पुरतं जात नाही. लेव्हलही शहाण्यासारखी ठेवतात: सगळ्यात मोठा आवाज उणे १० डीबीच्या आसपास, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. हिरवे दिवे लालपर्यंत चढवायची हौस इथं नाही.

उच्चारांवर रेकॉर्डिस्टचा कान चांगला आहे. अंतऱ्यात 'जीव माझा जळतो' आहे. 'जीव'मधला ज तालव्य, 'माझा'तला झ आणि 'जळतो'तला ज दंत्य. हिंदी गाण्यांवर गळा तयार झालेल्या मुली तिन्ही एकाच जागेवरून काढतात आणि 'जळतो' ऐकताना दातात खडा आल्यासारखं होतं. त्यानं पहिल्याच टेकला थांबवून गायिकेला ती ओळ आधी नुसती बोलायला लावली, मग गायला. हे फुकटात मिळालं. दुसरीकडं हे काम तुमचं तुम्हाला करावं लागतं. 'ळ'चंही तसंच. 'निळी'चं 'निली' झालं की टिकलीचा रंग उडाला.

अभिनयाबद्दल मात्र त्याला सांगावं लागलं. हा लटका राग आहे. गायिकेनं पहिले दोन टेक खऱ्या रागानं दिले आणि रेकॉर्डिस्ट खूश, कारण सूर चोख होते. सूर चोख असून भागत नाही. उपाय जुना आहे: ओळ गाताना ओठांचे कोपरे वर ठेवायचे. हसऱ्या तोंडानं गायलं की स्वर उजळ होतो, राग कितीही असो. आणि मुखड्याआधीचा तो 'हं!' नाकातून, छोटा. पाच टेक घेतले, ओळीओळीनं वेचले. इथं एक गडबड झाली: एडिटिंग करणाऱ्या पोरानं सवयीनं सगळे श्वास साफ केले आणि श्वासांबरोबर 'हं!'ही पुसून टाकला. नॉईज गेट (बारीक आवाज आपोआप कापणारा) लावला तरी हेच होतं. जळकुकड्या गाण्यात निम्मा अभिनय श्वासातच असतो. एडिटिंगच्या आधीच सांगून ठेवा की श्वास ठेवायचे, फार मोठे वाटले तर ६ डीबीनं खाली घ्यायचे, बस.

ऑटोट्यूनही (सूर आपोआप दुरुस्त करणारा) त्यांच्याकडं आधीपासून चालूच असतो, अगदी हेडफोनमध्येसुद्धा. गायिकेला स्वतःचा दुरुस्त झालेला आवाज ऐकू येतो आणि ती सैल गायला लागते. हेडफोनमधून काढायला लावा. मिक्समध्ये ठेवायचा तर रीट्यून स्पीड (सूर किती झटकन जागेवर ओढायचा ते) शून्यावर नको; शून्यावर प्रत्येक मुरकी जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. "मामाची...?" हा शब्द तर खालून वर ओढत नेलेला प्रश्न आहे, त्याच्यावर ऑटोट्यून बंदच हवा. तिथं तो चालू राहिला आणि पोरगी रोबोसारखी तीन टप्प्यांत चढली. ऐकून हसू येतं, पण चुकीच्या कारणानं.

गाण्यातल्या त्या बिचाऱ्याचं वाक्य म्हणायला स्टुडिओनं नाटकातला एक पोरगा बोलावला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटक उभं केलं तिथं संवाद फेकणारा माणूस शोधायला लागत नाही, ही सांगलीची जमेची बाजू धरा. त्याला माइकपासून हातभर लांब उभं केलं, म्हणजे तो तिच्या कानात न बोलता समोरून बोलतोय असं वाटतं. अरेंजरची कल्पना होती की त्याचा आवाज फोनमधून आल्यासारखा करू, ३०० ते ३४०० हर्ट्झ तेवढं ठेवून बाकीचं कापून. युक्ती छान, शब्दही स्पष्ट येतात. पण अंतऱ्यात तो फोन उचलत नाही अशी तक्रार आहे. मग इथं फोनवर कसा बोलेल? कल्पना रद्द.

ढोलकी. खोली लहान असल्याचा तोटा इथं दिसतो. आठ फुटांच्या भिंतींमध्ये ७० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला आवाज साठून राहतो, नेमका धुमेचा (ढोलकीच्या जाड तोंडाचा) आवाज तिथंच. माइक जवळ, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर ठेवून थोडं सावरता येतं. दोन्ही तोंडांना एकेक माइक लावला की एकाचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा करून ऐकायचा आणि ज्यात धुम जाड लागते तो पर्याय ठेवायचा. हे दहा सेकंदांचं काम ते विसरले, आठवण केल्यावर केलं. चाटीचा (बारीक तोंडाचा) सूर गाण्याच्या षड्जाला लावून घ्या आणि दर अर्ध्या तासानं तपासा. पावसाळ्यात कातडं सैल होतं, सूर उतरतो. एसी लावला की परत चढतो. पहिल्या आणि शेवटच्या मुखड्यातली ढोलकी वेगवेगळ्या सुरात ऐकू आली तर कारण हे.

ढोलकीचा तयार लूप वापरू का, असं ते विचारतील, कारण मानधन वाचतं. नको. लूप दर दोन आवर्तनांनी तोच तुकडा वाजवतो. माणूस 'भडंगाची'च्या आधी हात उचलतो. शिवाय विकत मिळणारा तोच लूप शंभर गाण्यांत असतो आणि यूट्यूबची कंटेंट आयडी ही नक्कल ओळखणारी यंत्रणा तुमच्या गाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी दावा लावून बसू शकते. मग खुलासे लिहीत बसा.

मधल्या पीसला त्यांनी मिरजेची सतार सुचवली. मिरज दहा किलोमीटरवर, वाद्यं तिथली, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं, तेव्हा सुचणं साहजिक आहे. सतारीची एक मींड टोमण्यासारखी फार छान बसते. चार आवर्तनांत एकदाच वापरली आणि तेवढीच पुरे. हौसेनं दर ओळीमागं लावली तर टोमण्याचा तगादा होतो.

मिक्स. पहिल्या मिक्समध्ये गळ्यावर जवळजवळ तीन सेकंद रेंगाळणारा हॉल रिव्हर्ब होता. २.४ सेकंदांच्या आवर्तनात तीन सेकंदांची शेपूट म्हणजे 'पुडी हुती'च्या पोकळीत मागचं 'हातामधी' तरंगत राहतं. ज्या दोन मात्रांसाठी अरेंजरशी वाद घातला त्या अशा भरून निघाल्या! उपाय असा: १.२ सेकंदांची प्लेट (आखूड रिव्हर्ब), आधी ४० मिलिसेकंदांचं प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीची फट), आणि ओळीच्या शेवटच्या अक्षरावरच ३०० मिलिसेकंदांचा एक डिले (प्रतिध्वनी). एवढ्यानं आवाज कोरडाही राहत नाही आणि शब्दही उघडा राहतो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) ४:१ ठीक, पण अटॅक (दाब किती लवकर सुरू होतो ते) १० मिलिसेकंदांच्या खाली नेला की 'क', 'प', 'भ' यांची धार जाते. स-चची शिट्टी दाबायला डी-एसर ६ ते ८ किलोहर्ट्झवर, तीन-चार डीबीपर्यंत. त्यांनी दुप्पट दाबला होता आणि 'चोरून'चं 'तोरून' झालं होतं. ढोलकीच्या चाटीला ३ किलोहर्ट्झजवळ दोन-तीन डीबी खाली घेतलं की गळ्याला जागा मिळते. गळा मोठा करण्यापेक्षा हा उपाय कधीही बरा.

आता थांबा, म्हणजे दुसऱ्या अंतऱ्यानंतरची ती दोन आवर्तनं. सोळा मात्रा, ४.८ सेकंद. पहिल्या सहा मात्रांत त्याचं वाक्य, पुढच्या सहा मात्रा पूर्ण शांत, शेवटच्या चारात "मामाची...?". सगळं गाणं या सहा मात्रांसाठी आहे, १.८ सेकंदांसाठी. आणि पॉप अरेंजरच्या हाताला शांतता सोसत नाही. पहिल्या मिक्समध्ये तिथं खालून वर चढणारा 'सूंऽऽ' आणि ड्रमचा रोल होता. जणू आता विमान उडणार. तो काढला तर दुसऱ्या मिक्समध्ये आधीच्या झांजेची शेपूट तशीच राहिली. ती काढली तर नवाच पाहुणा: टक्, टक्, टक्. गायिकेच्या हेडफोनमधला क्लिक माइकमध्ये शिरला होता. इतर वेळी वाद्यांखाली तो झाकला जातो, इथं उघडा पडला. मागून बंद असलेले हेडफोन वापरायचे आणि रेकॉर्डिंगच्या वेळीच त्या दोन आवर्तनांपुरता क्लिक बंद ठेवायचा. ढोलकीवाला पुन्हा बरोबर समेवर येतो, त्याची काळजी नको. इथं त्यांनी गेट लावून काम भागवलं आणि "मामाची...?"च्या आधीचा श्वास पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीत जुना टेक उकरून काढला तेव्हा कुठं जमलं. दुरुस्त्या संपल्या त्या अशा.

मिक्स ऐकताना स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर भाळू नका. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत; धुम तिथं ऐकू यावी म्हणून तिच्यावर थोडं सॅच्युरेशन लागतं, म्हणजे वरचे हार्मोनिक तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. मग एकदा मोनोत (दोन्ही बाजू एकत्र करून) ऐका. उजव्या-डाव्या बाजूला फार पसरवलेला सिंथ मोनोत गायब होतो. आणि एकदा चालत्या रिक्षात. शब्द तिथं कळले तर मिक्स झालं.

मास्टर त्यांनी उणे ८ एलयूएफएसला (हे एकंदर आवाजाच्या मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) ठोकून दिलं. त्यांचं म्हणणं, बाजारात सगळे असंच देतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी उणे १४ च्या आसपास खाली आणतात, म्हणजे तुमचे सहा डीबी तिथं परत जातात आणि हाती राहतो तो चेपलेला आवाज. आपल्या थांब्याचं तर वाटोळंच होतं: सगळंच मोठं असेल तर शांतता शांत वाटणार कशी? उणे १२, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ मागितलं, कुरकुर करत दिलं. गाणं लगेच श्वास घ्यायला लागलं.

कागद. छापील फॉर्मवर एक ओळ आहे, 'ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क स्टुडिओकडे'. त्यावर सही करू नका. खोडून घेतात, पण तुम्ही म्हटलं तरच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचं अशी तीन वेगळी मालकी असते. पैसे तुम्ही घातलेत, जबाबदारी तुम्ही घेतलीय, तर निर्माता तुम्हीच, आणि तसं कागदावर यायला हवं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, तेव्हा 'गाणं विकत घेतलं' म्हणणाऱ्यालाही तो द्यावाच लागतो. मित्राकडून शब्द लिहून घेतले असतील तर त्याच्याशीही दोन ओळींचा कागद करा. मैत्री टिकते.

बुकिंग मंगळवार ते गुरुवार, सकाळी १० ते १ घ्या. लग्नसराईत संध्याकाळी खालून वरात गेली की खिडक्या थरथरतात, आणि गणपतीच्या दिवसांत तर ढोलकी रेकॉर्ड करायला गेलात तरी ढोलताशा रेकॉर्ड होईल. एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंग करताना एसी बंद ठेवतात, बूथमध्ये पंखा नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी गायिकेला बाहेर काढा, नाहीतर गळा आधी थकतो आणि मग राग खरा होतो. वीज गेली तर यूपीएसवर कॉम्प्युटर चालतो, बाकी दिवे नाही. टेक वाया गेला नाही, हे मान्य.

पैसे पूर्ण देण्याआधी घ्यायच्या गोष्टी: २४ बिटची वेव्ह फाईल (नुसती एमपीथ्री नको), गळ्याशिवायचा ट्रॅक, नुसता गळा, आणि जमलं तर स्टेम्स. आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) डिस्ट्रिब्यूटर देतो, त्याचे वेगळे पैसे स्टुडिओला देऊ नका.

रीलसाठी १५ सेकंदांचा तुकडा ते फुकट कापून देतात, तो कानानं तपासा. मुखडा पूर्ण १९.२ सेकंदांचा आहे आणि 'भडंगाची' १४.४ व्या सेकंदाला सुरू होतं. सरळ १५ ला कापलं तर गाणं 'भडं'वर तुटतं. त्यांनी तसंच कापून दिलं होतं. पहिल्या ओळीनंतरचं 'सांग की!'चं आवर्तन काढून टाका, 'भडंगाची' १४.४ ला संपते आणि वर अर्धा सेकंद 'हं!' बसतो.